आउटबॅकमधून एकट्याने कॅरॅव्हॅन घेऊन जायचंय? अ‍ॅडलेड ते डार्विन, तयारीपासून पोचेपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमध्ये, म्हणजे खंडाच्या आतल्या ओसाड भागात, एकटीने कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन जाणार म्हटलं की इथली मित्रमंडळी साप आणि मगरींबद्दल विचारतात आणि भारतातून आई विचारते, "अगं पण एकटी कशी जाणार?" सापमगरींचं पुढे बघू. आईचा प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे, कारण कॅरॅव्हॅनचा सगळा कारभारच दोन माणसं धरून चालतो. एक जण रिव्हर्स घेणार आणि दुसरा मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे, बस्स" म्हणणार, एक चालवणार तर दुसरा रेडिओवर बोलणार, पाण्याची बाटली उघडून देणार, डोळे मिटायला लागले तर चिमटा काढणार, गाडी बंद पडली तर एक जण डोकं शांत ठेवणार. त्यामुळे एकट्याने जायची तयारी म्हणजे त्या दुसऱ्या माणसाची सगळी कामं निघायच्या आधी कुणाला तरी किंवा कशाला तरी वाटून देणं. खाली जे काही लिहिलंय ते याच हिशोबाने.

रस्ता आणि सीझन

पहिल्यांदा जाणार असाल तर स्टुअर्ट हायवे घ्या. अ‍ॅडलेडहून पोर्ट ऑगस्टा, तिथून कूबर पीडी, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरीन आणि डार्विन, सगळं मिळून सुमारे ३,००० किलोमीटर. १८६१-६२ मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्टने हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार केला त्याचं नाव आहे या रस्त्याला, आणि १९८७ पासून तो पूर्ण डांबरी आहे. "डांबरी रस्ता म्हणजे काय आउटबॅक" असं म्हणणारे भेटतील, त्यांना हसून सोडून द्या. ऊडनाडाटा ट्रॅक वगैरे कच्चे रस्ते एकट्याने आणि कॅरॅव्हॅन मागे लावून पहिल्याच ट्रिपला करायचे नसतात. डांबरीवरसुद्धा दोन पेट्रोल पंपांमध्ये २५० किलोमीटर काहीही नाही अशी परिस्थिती आहे, तेवढं पुरे.

जायचं मे ते ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, कूबर पीडीला पारा ४५च्या वर जातो आणि उत्तरेकडे पावसाळा असतो. दक्षिणेला पाऊस कमी असला तरी पडतो तेव्हा बेदम पडतो, जानेवारी २०२२ मध्ये ग्लेंडॅम्बोच्या आसपास पाणी येऊन हा हायवे आणि शेजारची रेल्वेलाइन दोन्ही बंद झाले होते. उलट जुलैत अ‍ॅलिसला रात्री पारा शून्याखाली जातो, "वाळवंट म्हणजे गरम" असं समजून फक्त टीशर्ट भरले तर कुडकुडाल. जाड रजई घ्या, आणि शक्य असेल तर कॅरॅव्हॅनला डिझेल हीटर.

वजन: इथे थोडा जास्त वेळ थांबू

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कॅरॅव्हॅनवर एक पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर दोन आकडे बघायचे: टेअर, म्हणजे रिकामं वजन, आणि एटीएम, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती. समजा टेअर १,७५० किलो आणि एटीएम २,२०० किलो, म्हणजे सामान भरायला ४५० किलो मिळाले, वाटतं की अरे बाप रे किती. आता पाण्याच्या ८० लिटरच्या दोन टाक्या भरा, १६० किलो गेले. ९ किलोच्या दोन सिलिंडरमधला गॅस, १८ किलो. राहिले २७०, आणि त्यात जादा बॅटरी, मागाहून बसवलेलं ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छप्पर), कपडे, भांडी, टूलबॉक्स, खुर्च्या, तांदळाची पिशवी आणि तुमचा मिक्सर. कसं भरतं ते कळतसुद्धा नाही.

मग बॉलवेट, म्हणजे कॅरॅव्हॅनचं नाक गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे मागे असलेल्या जोडायच्या लोखंडी गोळ्यावर, किती दाबतंय ते. भरलेल्या वजनाच्या साधारण १० टक्के असावं असा ढोबळ नियम आहे. जड सामान सगळं मागच्या टोकाला टाकलं तर नाक हलकं होतं आणि ९० च्या स्पीडला कॅरॅव्हॅन शेपटी हलवायला लागते, तिला इथे स्वे म्हणतात. म्हणून जड वस्तू खाली आणि चाकांच्या जवळ, हलक्या वर. स्वे सुरू झालाच तर गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टिअरिंगने झगडायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावायचे, म्हणजे ती मागून ताणली जाऊन सरळ होते. हे बटण कुठे आहे ते न बघता सापडलं पाहिजे, घरासमोर गाडी उभी असताना पाचदहा वेळा हात नेऊन बघा.

गाडीचं टोइंग ३,५०० किलो आहे असं ब्रोशरवर लिहिलेलं असतं, त्यावर खूश होऊ नका. गाडी अधिक कॅरॅव्हॅन दोन्हींचं मिळून जीसीएम नावाचं वेगळं लिमिट असतं आणि गाडी स्वतः सामानाने भरली की ते ३,५०० प्रत्यक्षात उरत नाहीत. सगळं भरून, टाक्या फुल करून, एकदा पब्लिक वेब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, नेऊन वजन करा. जास्त भरलं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. आणि हो, २,००० किलोच्या वरच्या कॅरॅव्हॅनला ब्रेकअवे सिस्टिम कायद्याने लागते, म्हणजे जोड तुटला तर ब्रेक आपोआप लागतील अशी व्यवस्था. सेकंडहँड घेत असाल तर ती चालू आहे का, तिची छोटी बॅटरी जिवंत आहे का, तेही बघून घ्या.

माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने १६-१७ फुटांच्या वर जाऊ नये. रात्री झोपायला एकच बेड लागतो, आणि पंपावर वळवताना दर फुटाची किंमत कळते.

भारतातून फक्त सुट्टीसाठी येणार असाल तर कॅरॅव्हॅनपेक्षा भाड्याची मोटरहोम, म्हणजे गाडी आणि घर एकच, सोपी, जोडणं-सोडणं प्रकारच नाही. लायसन्स इंग्रजीत असेल तर साधारण चालतं, नसेल तर इंटरनॅशनल परमिट काढून या. भाड्याच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायला आणि कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुतेक वेळा बंदी असते, ते बारीक अक्षर वाचा.

जोडणं, सोडणं, रिव्हर्स, सगळं एकट्याने

जोडताना रिव्हर्स कॅमेरा हा तुमचा दुसरा माणूस. कपलिंग, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या नाकावरची जोडणीची खोबण, टोबॉलच्या वर आलं की खाली उतरून स्वतः डोळ्यांनी बघायचं, कॅमेऱ्यावर विसंबून जॉकी व्हीलने, म्हणजे पुढच्या फिरवून खालीवर करायच्या छोट्या चाकाने, नाक खाली सोडायचं नाही. कपलिंग बसून लॉक झालं की जॉकी व्हीलने नाक जरासं वर उचलून बघा, गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर उचलला गेला तर खरंच बसलंय. मग सेफ्टी चेन क्रॉस करून, म्हणजे डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. ब्रेकअवेची केबल. लाइटचा प्लग. जॉकी व्हील वर घेऊन घट्ट. सगळ्यात शेवटी कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक काढायचा आणि चाकाखालचे ठोकळे उचलायचे.

सोडताना उलटं: आधी ठोकळे आणि हँडब्रेक लावायचे, मगच कपलिंग सोडायचं. उतारावर हा क्रम चुकला तर दोन टन वजन आपल्या मर्जीने चालायला लागतं आणि ते धरायला कुणी नसतं.

लाइट बघायला दुसरं माणूस लागतं ना? फोन स्टँडला लावून मागे ठेवा, व्हिडिओ चालू करा, गाडीत बसून इंडिकेटर, ब्रेक, सगळं एकदा करा, मग व्हिडिओ बघा.

निघायच्या आधी बाहेरून एक फेरी मारायची, नेहमी एकाच दिशेने आणि एकाच जागेपासून सुरू करून. गॅस बंद, छताची हॅच बंद, पायरी आत, ऑनिंग लॉक, पाण्याचा पाइप सुटा, लाइटची वायर सुटी, आत फ्रिजचं दार लॉक. ही यादी प्रिंट करून स्टिअरिंगवर लटकवून ठेवा. मध्येच शेजारचे काका गप्पा मारायला आले (येतातच, कॅरॅव्हॅन पार्कमधली रिटायर्ड मंडळी फार गप्पिष्ट) तर त्यांच्याशी प्रेमाने बोला आणि नंतर फेरी पहिल्यापासून मारा, जिथे राहिली होती तिथून नाही.

रिव्हर्सला एकच युक्ती: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, कॅरॅव्हॅनचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात न्या. रिकाम्या ग्राउंडवर दोन प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन ठेवून एक दुपार घालवा. ड्रायव्हरच्या बाजूने, म्हणजे इथे उजवीकडे, वळवून मागे घेतलं तर खिडकीतून दिसतं, त्यामुळे जागा निवडताना तेही बघा. बुकिंग करताना मात्र सरळ "ड्राइव्हथ्रू साइट द्या" म्हणून सांगायचं, समोरून आत आणि समोरून बाहेर. अडचण झालीच तर उतरा, चालत मागे जाऊन बघा, परत बसा, परत उतरा. कोणी हसत नाही, आणि हसलं तरी हसू दे.

पार्कमध्ये लाइटच्या पॉइंटला कॅरॅव्हॅनची १५ अँपिअरची वायर लागते, घरातली १० वाली एक्स्टेन्शन तिथे चालत नाही. लेव्हल करताना आधी डावी-उजवी बाजू रॅम्पवर चढवून सारखी करा, मग सोडा, मग जॉकी व्हीलने पुढे-मागे करा. कोपऱ्यातले चार पाय फक्त हलू नये म्हणून असतात, त्यांनी वजन उचलायचं नाही.

पाणी, खाणं, वीज

माणशी दिवसाला १० लिटर पिण्या-रांधायचं धरा, आणि पोचायला जेवढे दिवस लागतील त्याच्यावर आणखी तीन दिवसांचं. सगळं एका टाकीत ठेवू नका, दगड उडून टाकी फुटली तर हरी हरी. दोन टाक्या आणि शिवाय १०-१० लिटरचे दोन जेरीकॅन, त्यातला एक गाडीत, कॅरॅव्हॅनमध्ये नाही. रस्त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पाणी बोअरचं असतं, अंघोळीला ठीक पण चहा बिघडतो. कूबर पीडीचं पाणीसुद्धा जमिनीखालचं खारं पाणी गोडं करून मिळतं, तिथे नळ मोकळा सोडून भांडी घासू नका.

स्वयंपाकात प्रेशर कुकरसारखी वस्तू नाही. मुगाची खिचडी, एक शिट्टी, गॅस बंद, टॉवेलमध्ये गुंडाळून अर्धा तास, गॅसही वाचतो आणि आत वाफही कमी होते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, भाजलेला रवा, शेंगदाण्याची चटणी हे सगळं फ्रिजशिवाय टिकतं. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, अर्धं पाणी लागतं.

ताज्या भाजीचं मात्र आधी बघा. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीचे नियम कडक आहेत, दुसऱ्या राज्यातून टोमॅटो, मिरच्या, वांगी, लिंबं घेऊन शिरता येत नाही, रस्त्यात टाकायला डबे असतात आणि नाही टाकलं तर दंड. मेलबर्नहून येणाऱ्यांनी भाजी अ‍ॅडलेडला किंवा पोर्ट ऑगस्टाला भरावी. पोर्ट ऑगस्टानंतर धड सुपरमार्केट म्हणजे कूबर पीडीला बऱ्यापैकी आणि मग थेट अ‍ॅलिसला.

विजेसाठी २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर ३०० वॉटच्या आसपास सोलर आणि चालत्या गाडीतून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, एवढ्यात एका माणसाचं आरामात चालतं. इंडक्शन आणि हेअर ड्रायर लावणार असाल तर हिशोब बदलेल.

इंधन आणि रस्त्याचे टप्पे

एरवी १००ला १० लिटर खाणारी डिझेल गाडी कॅरॅव्हॅन ओढताना १८ खाते आणि समोरून वारा असेल तर २२. ८० लिटरची टाकी धरली तर वाऱ्याविरुद्ध जेमतेम ३६० किलोमीटर. अ‍ॅडलेडहून पोर्ट ऑगस्टा ३१० च्या आसपास, तिथून पिंबा १७५, पिंबा ते ग्लेंडॅम्बो ११५, ग्लेंडॅम्बो ते कूबर पीडी २५० आणि या शेवटच्या टप्प्यात पंप नाही म्हणजे नाहीच. कूबर पीडी ते मार्ला २३५, मार्ला ते कुलगेरा १८०, पुढे अर्लडुंडा ७५, तिथून अ‍ॅलिस २००. अ‍ॅलिस ते टेनंट क्रीक ५०० च्या वर आहे पण मध्ये रोडहाऊस आहेत. रोडहाऊस म्हणजे पंप, खानावळ, लॉज, दारूचा गुत्ता, पोस्ट सगळं एकाच छपराखाली. ही रोडहाऊस कधी विकली जातात, कधी बंद पडतात, कधी रात्री सातला शटर ओढतात, त्यामुळे नकाशावर दिसतंय म्हणजे आहे असं धरू नका, आदल्या दिवशी फोन करा. माझा नियम अर्धी टाकी झाली की जो पंप दिसेल तिथे भरायचं, महाग असलं तरी. लिटरमागे ३०-४० सेंट वाचवायला पुढच्या पंपाची वाट बघणारे लोक मग वाऱ्याचा अंदाज चुकला की रस्त्याकडेला उभे दिसतात. शिवाय २० लिटरचा एक जेरीकॅन, तो कॅरॅव्हॅनच्या आत नको.

नॉर्दर्न टेरिटरीत हायवेचं लिमिट १३० आहे, ते तुमच्यासाठी नाही. ९० ते ९५, बस. दिवसाला ३५० किलोमीटर हा डोक्यात ठेवायचा आकडा, आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामावर. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, उत्तरेकडे तर कुंपण नसलेली गुरंही, आणि काळी गाय काळोखात काळ्या रस्त्यावर कशी दिसेल सांगा. जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक, स्टिअरिंग फिरवायचं नाही, कॅरॅव्हॅन मागे असताना तर अजिबातच नाही. मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले असतात, ते उडायला वेळ घेतात आणि अंगावर येतात, तिथे स्पीड कमी करा.

दर दोन तासांनी थांबायचं. थांबलं की चहाच्या आधी एक काम: प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्यायची. चारही साधारण सारखेच कोमट लागले तर ठीक, एखादा बाकीच्यांपेक्षा चटका देत असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटलाय. टायर हातानेच दाबून बघायचे, कॅरॅव्हॅनचं टायर बसलं तरी पुढे गाडीत काही कळत नाही. त्यासाठी टायर प्रेशर मॉनिटर बसवा, हाही दुसरा माणूसच. हवा सकाळी गार असताना मोजायची. कॅरॅव्हॅनच्या टायरची नक्षी दिसायला नवी असते पण रबर वयाने मरतं, सहा वर्षांच्या पुढचे असतील तर बदलून टाका. गाडीचा जॅक कॅरॅव्हॅनला बसतोच असं नाही, घरी एकदा खरंच चाक काढून-लावून बघा, पाना पुरतोय का, नट सुटतायत का, जॅक कुठे लावायचा ते पुस्तकात लिहिलेलं असतं. चाक बदललं की ५० किलोमीटरवर थांबून नट परत आवळा.

रोडट्रेन आणि रेडिओ

रोडट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर लावलेला ट्रक, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. समोरून येऊन गेला की आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरा आणि थोडं डावीकडे राहा. मागून आला तर घाबरून ब्रेक मारू नका, एकदम साइडपट्टीवरही उतरू नका. आहे तो स्पीड, सरळ रेषा. यूएचएफ रेडिओचा चॅनल ४० लावून ठेवा, ट्रकवाले सगळे त्यावर असतात, कॅरॅव्हॅनवाले आपसात १८ वर. कॅरॅव्हॅनच्या मागे "चॅनल ४०" असा स्टिकर लावा म्हणजे ट्रकवाल्याला कळतं की तुमच्याशी बोलता येईल. तो म्हणतो ओव्हरटेक करतोय, तुम्ही म्हणायचं मी हळू होतोय, तो बाजूला आला की तुम्ही किंचित स्पीड कमी करायचा, त्याची शेपटी पुढे गेली की "यू आर क्लिअर, मेट", आणि तो थँक्यू म्हणून निघून जातो. एकट्या माणसाला दिवसभरात एवढंच बोलणं होतं कधी कधी, बरं वाटतं.

चॅनल ५ आणि ३५ इमर्जन्सीसाठी राखीव आहेत, त्यावर टाइमपास करायचा नाही.

संपर्क आणि बिघाड

टेलस्ट्राचं सिम घ्या, बाकीच्यांचं नेटवर्क गावाबाहेर फारसं चालत नाही, आणि दोन गावांच्या मध्ये टेलस्ट्राचंही मोठमोठे तुकडे गायब असतं. त्यामुळे पीएलबी, पर्सनल लोकेटर बीकन. बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला सिग्नल जातो आणि तुमची जागा बचाव यंत्रणेला कळते. अ‍ॅम्सा या सरकारी संस्थेकडे त्याची नोंदणी फुकट आहे, ट्रिपची माहितीही ऑनलाइन टाकता येते, जरूर टाका. हा खिशात किंवा कमरेला ठेवायचा, ड्रॉवरमध्ये नाही. पीएलबीवर बोलता येत नाही, म्हणून रोजच्या "पोचले" मेसेजसाठी वेगळं सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तम, नव्या आयफोनमध्येही सॅटेलाइटवरून इमर्जन्सी मेसेज जातो.

घरच्या माणसाची निवड नीट करा. भारतातल्या भावाला रोज मेसेज करणं ठीक आहे, टेरिटरीत वेळेचा फरक सरळ चार तासांचा आहे त्यामुळे इथे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे दुपारचे चार, गप्पाही होतात. पण तिकडून ०००, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, लागत नाही. ऑस्ट्रेलियातच कुणीतरी एक मैत्रीण किंवा मित्र ठरवा, त्यांच्याकडे गाडी आणि कॅरॅव्हॅनचा नंबर, रंग, फोटो, रोजचा मुक्काम, आणि लिहून ठेवलेली सूचना: रात्री आठपर्यंत मेसेज नाही तर मुक्कामाच्या ठिकाणी फोन, सकाळी आठपर्यंतही नाही तर पोलिसांना १३१ ४४४ वर. वेळ ठरवताना साउथ ऑस्ट्रेलियात डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे) असतं आणि टेरिटरीत नसतं हे लक्षात ठेवा, अर्थात मे ते ऑगस्ट जाणार असाल तर प्रश्न येत नाही.

गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. हे दगडावरची रेघ. आउटबॅकमध्ये जे लोक दगावलेत त्यातले कितीतरी गाडी सोडून चालत निघालेले होते. वरून विमानाला गाडी आणि कॅरॅव्हॅन दिसते, झुडपातला माणूस दिसत नाही. बॉनेट उघडं, सावलीत बसा, पाणी साठवून न ठेवता तहानेप्रमाणे प्या. या हायवेवर थोड्या वेळाने कुणीतरी येतंच, आणि थांबतंच. चॅनल ४० वर हाक मारा.

आजारी पडलात तर रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस आहे, १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांनी सुरू केलेली. हायवेवर काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीचे पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील, ते त्यांच्या विमानांसाठी, तिथे गाडी लावून फोटो काढत बसू नका. अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, देत नाही, निघायच्या आधी देशभर चालणारं अ‍ॅम्ब्युलन्स कव्हर घ्या. रोडसाइड असिस्टन्सचं वरचं पॅकेज घ्या आणि त्यात कॅरॅव्हॅन धरली आहे का, किती किलोमीटर टोचन करून नेतात, हे दोन प्रश्न फोनवर स्पष्ट विचारा.

मुक्काम

विकीकॅम्प्स अ‍ॅप ऑफलाइन डाउनलोड करून घ्या आणि फक्त ताजे रिव्ह्यू वाचा. मी दोन-तीन रात्री रेस्ट एरियात, म्हणजे हायवेकडेच्या थांब्यावर, आणि मग एक रात्र पार्कमध्ये असं करते, कपडे, टाक्या आणि टॉयलेटची कॅसेट तिथे उरकते. कॅसेट फक्त डंप पॉइंटवर रिकामी करायची, झुडपात नाही. रेस्ट एरियात उजेडात पोचा, दोन-चार कॅरॅव्हॅन असतील तिथेच लावा, आणि तोंड बाहेरच्या दिशेने ठेवा म्हणजे नको वाटलं तर नुसतं स्टार्ट करून निघता येतं. कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडूच नका. बाहेर दोन खुर्च्या मांडा. "एकटीच का?" असं कुणी विचारलं तर "नवरा झोपलाय" म्हणायला काही पैसे पडत नाहीत. अ‍ॅलिस, टेनंट क्रीक आणि कॅथरीनमध्ये मात्र कुंपण असलेल्या पार्कमध्येच राहा आणि दुकानात जाताना गाडीत काही दिसेल असं ठेवू नका. तिथे दारूच्या दुकानांवर वार आणि वेळांचे निर्बंध आहेत, ओळखपत्र दाखवावं लागतं.

पिंबाच्या पुढे हायवे वूमेरा प्रतिबंधित क्षेत्रातून जातो, संरक्षण खात्याचा टेस्टिंगचा भाग आहे, हायवे सोडून आत शिरायचं नाही. रस्त्यालगतचा लेक हार्टचा रेस्ट एरिया चालतो आणि सुरेख आहे, मिठाचं पांढरंफेक तळं. कूबर पीडीत एक दिवस जादा ठेवा, १९१५ मध्ये इथे ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हामुळे लोक जमिनीखाली राहायला लागले, चर्चसुद्धा जमिनीखाली आहेत. खाणींच्या भागात फोटो काढताना मागे मागे सरकू नका, उघडे खड्डे आहेत आणि तशा पाट्याही आहेत.

अर्लडुंडाहून उलुरू, तो प्रसिद्ध लाल खडक, आत सुमारे २५० किलोमीटर. वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा डोंगर दिसला की सगळे "उलुरू!" म्हणून थांबतात, तो माउंट कॉनर. नॅशनल पार्कच्या आत मुक्काम करता येत नाही, पार्कबाहेरच्या युलारा गावातल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग जूनजुलैसाठी काही महिने आधी करा. उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, ती तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची पवित्र जागा. पायथ्याभोवती १० किलोमीटरची फेरी सकाळी लवकर करा, माश्यांची जाळी डोक्यावर घेऊन, नाहीतर त्या नाकातोंडात शिरतात. टेनंट क्रीकच्या १०० किलोमीटर अलीकडे कार्लू कार्लू, म्हणजे डेव्हिल्स मार्बल्स, तिथला कॅम्प आधी ऑनलाइन बुक करावा लागतो आणि बाहेरच्या लोकांना टेरिटरीचा पार्क्स पासही लागतो.

माटारांकाच्या कोमट झऱ्यात दुपारभर पडून राहा, पाणी ३४ अंशांचं, पाठीचं सगळं ड्रायव्हिंग उतरतं. आता मगरी: माटारांकापासून पुढे पाटी वाचल्याशिवाय कुठल्याही पाण्यात पाय घालायचा नाही, नदीकाठी भांडी घासायला वाकायचं नाही, कॅम्प काठापासून लांब. पाटी नाही म्हणजे मगर नाही असंही नाही, पोहायला परवानगी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तिथेच उतरा.

डार्विनला पोचल्यावर कॅरॅव्हॅनची बेअरिंग आणि ब्रेक तपासून घ्या, कारण परतायला तेच ३,००० किलोमीटर पुन्हा आहेत. कोरड्या सीझनमध्ये तिथल्या गॅरेजना आठवडेच्या आठवडे वेळ नसतो, त्यामुळे हा नंबर अ‍ॅलिसमधूनच फोन करून लावून ठेवा.